भिंतीला टेकवू नका

“काका, मुलगी खेळली तर टेबलाचं कापड फाटतं का हो?”

मित्रांनो, हा प्रश्न काही तो विचारणाऱ्या मुलीचा स्वतःचा नव्हता. दाराबाहेर तोंडाला रुमाल लावून हसणाऱ्या तीन मैत्रिणींनी पैज लावून तिला आत ढकललं होतं. स्नूकर क्लबचे काका हातावरची खडूची पूड झटकत म्हणाले, “कापड घाईनं फाटतं. मुलीनं फाटलेलं मी अजून पाहिलं नाही.” आणि त्यांनी भिंतीवरच्या मांडणीतून मला काढून तिच्या हातात दिलं.

मी स्नूकरची एक जुनी काठी आहे. खेळाडू मला क्यू म्हणतात. चेंडूंना टोले देते म्हणजे मी मोठी शूर असेन, असं तुम्हाला वाटेल. पण खरं सांगते, मी जन्मापासून भित्री. सुतारानं रंधा मारून मला गुळगुळीत केलं आणि सपाट फळीवर घरंगळत सोडलं. सरळ काठी शांतपणे घरंगळते, वाकडी उड्या मारते. माझ्याआधीच्या दोघी उडाल्या आणि जळणात गेल्या. मी कशी घरंगळले ते माझं मला ठाऊक!

काकांनी तिचं नाव उचापत ठेवलं. शाळा सुटली की दप्तर टेबलाखाली आणि मी तिच्या हातात. दोन वर्षांत तिनं भल्याभल्यांना गार केलं. सोळाव्या वर्षी व्यावसायिक खेळाडूंच्या यादीत तिला एका हंगामापुरती जागा मिळाली, तेव्हा काकांनी मला तिला देऊनच टाकलं. मैत्रिणी म्हणाल्या, सही आत्ताच देऊन ठेव बाई, नंतर भाव खाशील.

पण कौतुक चारचौघांना दिसतं, भीती मुठीतून कळते. मोठ्या सभागृहात तिचा तळवा असा ओला व्हायचा की मी निसटेन की काय असं वाटायचं. पहिले सहा सामने ती ओळीनं हरली. बाबांनी आवाज न चढवता सांगितलं, की यादीतली जागा गेली तर क्यू दाराआड आणि पुस्तकं समोर. आईनं त्याच रात्री पुस्तकांना नवी कव्हरं घातली, आणि ते जास्त लागलं.

मग कसेबसे काही सामने जिंकत हंगामाचा शेवटचा सामना आला, त्यातलाही शेवटचा डाव. टेबलावर गुलाबी आणि काळा असे दोनच रंगीत चेंडू उरले होते. दोन्ही टेबलाच्या खिशांत घातले की जागा टिकली. ती वाकली. मला मागंपुढं करत नेम धरू लागली. तिच्या ओल्या मुठीतून मी जराशी पुढं सरकले आणि माझ्या टोकाचं चामडं पांढऱ्या चेंडूला निसटतं लागलं. केसभर. टोल्याआधी असा स्पर्श झाला की ती चूक धरतात आणि पाळी जाते. चेंडू हलल्यासारखा वाटलासुद्धा नाही. पंचांना दिसलं नाही, तिच्याविरुद्ध खेळणाऱ्या समोरच्या बाईंनाही नाही. फक्त तिला आणि मला ठाऊक.

गप्प बस ना गं, मी मनात म्हटलं. मला दाराआड जायचं नव्हतं.

ती ताठ उभी राहिली. “सर, लागला माझ्याकडून.”

गुण समोरच्या बाईंना गेले, पाळी गेली, त्यांनी गुलाबी चेंडू घातला. सामना गेला, आमची जागाही गेली. हात मिळवताना बाईंनी तिचा हात जरा जास्तच वेळ धरून ठेवला.

घरी आल्यावर बाबांनी मला दाराआड भिंतीला टेकवलं. चौदा दिवस! मित्रांनो, लाकूड असं तिरकं टेकवून ठेवलं की ते आपल्याच वजनानं हळूहळू वाकतं. आवाज होत नाही, म्हणून कुणाला कळत नाही. रोज रात्री ताटं मांडल्याचा आवाज आला की आणखी एक दिवस सरला म्हणून मला धडकी भरायची, आज वाकले असेन. तुमच्याही दाराआड कुणी उभं असेल, एखादी बॅट, एखादी गिटार. त्यांना अधूनमधून हात लावत जा. नुसता हातसुद्धा पुरतो.

पंधराव्या दिवशी जेवणं चालू असताना ती उठली. मला बाहेर काढलं, टेबलावरची भांडी बाजूला सारली आणि मला घरंगळत सोडलं. आईबाबा घास हातात धरून बघत राहिले. मला मूठ असती तर मी तिच्यात जीव धरला असता. अर्ध्या वाटेत मी बारीकशी उडी मारली.

“वाकलीय जराशी,” ती म्हणाली. मी गार पडले.

तिनं मला उचलून छातीशी धरलं. तळवा ओलाच होता.

“आई, बाबा, मी पात्रता फेरी पुन्हा तळापासून खेळणार आहे. परीक्षाही देणार. भीती वाटते, वाटू दे. तिच्यासकट खेळणार, आणि याच वाकलेल्या काठीनं. आणि आजपासून हिला कुणीही भिंतीला टेकवायचं नाही.”