उंबऱ्यावरची झडती

कारभारींनी सुनेची पर्स उंबऱ्यावर रिकामी केली, तेव्हा त्यांच्या पत्नी चांगुणाबाई हातातलं काम टाकून धावत आल्या. संजना बिचारी कामावर निघाली होती. रडतरडत तिनं कंगवा, डबा, चाव्या गोळा केल्या. सासरेबुवा वर म्हणतात कसे, "जा आता."

नाशिक रोडच्या त्या कॉलनीत कारभारी साळवेंइतका हसरा माणूस नव्हता हो! जन्मभर नोटांच्या प्रेसमध्ये नोकरी केली. सुटताना रोज गेटवर हात वर करून झडती द्यायची, तर हा बाबा तिथंही "गुदगुल्या होतात रे!" म्हणून रखवालदाराला हसवायचा. असल्या माणसाला वर्षभरात काय झालं कोण जाणे. बुद्धविहारात जाणं बंद, गप्पा बंद, मीठ कमी पडलं की ताट भिरकावलं. आणि आता घरातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाची झडती.

"आई, रिटायर झाल्यावर माणूस चिडतोच," रवी हसून म्हणाला. "डोकं बघ त्यांचं, किती तल्लख! माझ्या लग्नात कोण रुसलं होतं तेसुद्धा सांगतात."

तेच तर दुखणं होतं. ते विसरत काहीच नव्हते, म्हणून कुणाला पटत नव्हतं. थोरले दीर पुंजा असेच आधी संशयी झाले, चिडके झाले. सगळे म्हणाले, वय झालं. पुढं त्यांना स्वतःचं घर सापडेना. डॉक्टरीणबाई तेव्हा म्हणाल्या होत्या, "दरवेळी तसंच असतं असं नाही, पण स्वभाव एकदम बदलला तेव्हाच दाखवायला हवं होतं." ते बोलणं चांगुणाबाईंच्या मनातून हलत नव्हतं. पण डॉक्टरचं नाव काढलं की कारभारी खवळत. "मला वेडा ठरवता? घरातच चोर आहेत!"

पौर्णिमेला सकाळी चांगुणाबाई विहारात निघाल्या, तर कारभारी दारात आडवे. त्यांचं डोकं सणकलं. एवढा संसार केला, त्याचं हे फळ? त्यांनी पिशवी खाली आपटली. मेणबत्त्या घरंगळल्या. दोन्ही हात वर करून त्या उभ्या राहिल्या.

"घ्या! घ्या माझी झडती!"

कारभारी जागीच थिजले. तोंड कसनुसं झालं.

"हात खाली कर, चांगुणा. ते मी करायचो. तू नको." मग ते उंबऱ्यावरच बसले. "माझं मलाच कळेना गं. एकाएकी वाटतं, सगळे लुबाडायला टपलेत. आवरतच नाही."

"मग चला ना दाखवायला."

त्यांनी होकाराची मान हलवली.

चांगुणाबाईंनी विहार राहू दिला आणि लगेच रवीला फोन केला. तासाभरात यांचं मन फिरलं म्हणजे? रवी या वेळी हसला नाही, रिक्षा घेऊनच आला. कारभारींनी धुतलेला शर्ट घातला, केस विंचरले. "येतो गं पोरी," संजनाला म्हणाले, अगदी पहिल्यासारखं. आपण उगाच घाबरलो की काय, असं चांगुणाबाईंना वाटून गेलं.

उंबऱ्याशी ते थांबले. डोळे बारीक झाले.

"आधी पिशवी दाखव."

रवी काही बोलणार, तोच चांगुणाबाईंनी त्याला डोळ्यांनी गप्प केलं. पिशवी उघडून धरली. त्यांचं तपासून होईपर्यंत धरली. मग त्यांचा हात घट्ट पकडून त्यांना रिक्षात बसवलं.