दोन फूट उंच काच

जांबा गावातल्या माझ्या भाड्याच्या खोलीत हात पसरले की दोन्ही भिंती लागतात. म्हणून निदान माझ्या टॅरँटुलाला, त्या तळहाताएवढ्या केसाळ कोळ्याच्या मादीला, ऐसपैस घर द्यायचंच, असं मी ठरवलं. दोन फूट उंच काचेची पेटी आणली, तळाला बोटभर कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, पसरलं, वरपर्यंत फांद्या रचल्या.

घरमालकीण लीलाबाई बघायला आल्या. "अगं ऋतिका, ही जमिनीतली जात हाय. खाली भरपूर माती घाल, आपलं बीळ करून ऱ्हाईल. एवढी उंची कशापायी?"

मी भडकले. "मावशी, कोंडवाडे तुम्ही बांधा. मला नाही बांधायचे."

त्या निघून गेल्या.

चौथ्या दिवशी ऑफिसातून आले, तर टॅरँटुला वरच्या फांदीवरून पडली होती. पोट फुटलं होतं आणि दोन पाय अजून हलत होते. ते थांबेपर्यंत मी नुसती बघत बसले.

लीलाबाईंनीच परसात खुरप्यानं वीतभर खड्डा खणला. मी तिला आत ठेवलं. तेवढ्याच मातीत ती वीस वर्षं जगली असती.