कपाळावरचे केस

माझं केस कापायचं दुकान आहे. आमची पोर तापाने गेली, तेव्हापासून खुर्चीत बसणाऱ्या प्रत्येकाला मला शहाणपण शिकवायची हौस. 'काळ हेच औषध.' अरे, मग तूच घे की दोन चमचे! तोंडावर म्हणत नाही. वस्तरा हातात असताना भांडू नये माणसानं.

रडू येत नाही मला. जेवतो, झोपतो, कात्री चालवतो. आत सगळं बधिर. त्याचं काही नाही, मला घोर बायकोचा. दुकानामागेच घर आमचं. लेकीबद्दल तिनं चकार शब्द काढलेला नाही. मी विषय काढला की भांडी घासायला उठते, घासलेलीच पुन्हा घासते. एकदा तरी बोलावं तिनं, हवं तर मला शिव्या घालाव्यात, एवढंच मला हवंय.

काल दुपारी बहीण तिच्या मुलीला घेऊन आली.

"दादा, हिच्या झिपऱ्या आवर बाबा."

लहान मुलांसाठी खुर्चीच्या दोन्ही हातांवर फळी टाकतो, ती टाकली आणि भाचीला वर बसवलं.

"मामा, कान कापू नकोस हं."

"एकच कापतो. दुसरा तुझ्या आईला पिळायला ठेवतो."

ती खिदळली. माझे हात चालत राहिले. लक्ष कुठेच नव्हतं.

"दादा," बहीण हळूच म्हणाली, "हे काय केलंस रे?"

आरशात पाहिलं. उजवीकडे केस आखूड, डावीकडे थेट भुवईवर उतरलेले. आमच्या पोरीच्या डाव्या भुवईवर खोक पडली होती. ती झाकायला मी तिचे असे कापायचो. भाचीच्या कपाळावर साधा ओरखडाही नाही.

सारखे करायला गेलो, तोच बायको चहा घेऊन आली. भाचीकडे बघतच राहिली. तिनं चहा खाली ठेवला, भाचीचे केस वर सारले आणि भुवईवरून अंगठा फिरवला.

"इथं होती," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणाले होते, मोठी झाली की दिसणारसुद्धा नाही."

तिनं केस पुन्हा खाली सोडले.

"काप आता. हिचं काय झाकायचंय?"

मला कापवेना. बोटं मिटेचनात.

"दे इकडे." कात्री घेऊन तिनंच ते केस कापले, पार वेडेवाकडे.

भाचीनं आरशात पाहिलं. "मामी, तुला नाही येत!"

"नाही येत गं," बायको म्हणाली, आणि तिथेच खाली बसून लेकीचं नाव घेऊन रडायला लागली.