पोलीची उलटी खीळ

१९५८ साल. तेव्हा फेरलाखमध्ये सकाळ कानशींच्या आवाजानेच उजाडायची. बंदुका घडवणाऱ्या त्या गावात उस्ताद सगळे पुरुष. पोली ही उस्ताद होण्याच्या परीक्षेला बसलेली पहिलीच मुलगी. दुपारी परीक्षक येणार होते आणि तिने स्वतः घडवलेल्या रायफलचा चाप दाबला की दबलेलाच राहत होता. बाहेर काढून, ज्या खिळीवर तो फिरतो त्याच खिळीवर धरला, तर पाळण्यासारखा झुलायचा!

"चाप रुसला वाटतं तुझ्यावर," मोहोरमामा हसला.

"थट्टा पुरे, मामा! थोडा घासू का?"

"खबरदार! सैल झाला तर नुसत्या धक्क्याने गोळी सुटेल. खीळ कुठून ठोकलीस?"

"उजवीकडून. अख्खं गाव तसंच ठोकतं."

"आणि भोक कुठून कोरलंस?"

दाखवायला पोलीने टोकाकडे निमुळती होत गेलेली कोरणी उचलली, ती डाव्या हातात. अन् ती थबकली. डावखुरी असल्याने तिने भोक डावीकडून कोरले होते, म्हणजे त्याचे रुंद तोंड डावीकडे होते. निमुळत्या खिळीचे जाड टोक मात्र ती उजवीकडच्या अरुंद तोंडात ठोकत होती. खीळ तिरपी बसून चाप अडत होता.

"अगं बाई गं!" म्हणत तिने खीळ फिरवून डावीकडून बसवली. चाप टक्कन वाजला आणि झटकन परत आला. मामाने तिला उचलून गरागरा फिरवले.

"मामा, खाली ठेव, परीक्षक आले!"

पोली उस्ताद झाली आणि म्हातारपणापर्यंत बंदुका घडवत राहिली. मामा शेवटपर्यंत तिच्या दुकानात बसून गिऱ्हाइकांना हसवायचा. परीक्षेची ती रायफल एका वनरक्षकाने नेली. आता ती त्याच्या नातीकडे आहे.