नेमून दिलेला विरोध

माझा भाऊ पेलोपीदास जनावरांचा सरकारी डॉक्टर होता. सरकारने त्याला देशाचे कायदे तपासायला अथेन्सला बोलावलं, तेव्हा सगळ्यात जास्त आश्चर्य त्यालाच वाटलं.

लष्कराने सत्ता घेऊन तीन वर्षं उलटून गेली होती. संसदेला कुलूप होतं. पण अगदीच काही नसणं परदेशी पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही, म्हणून सत्तेवर बसलेल्या कर्नल लोकांनी एक सल्लागार समिती काढली. कायदे तेच करणार, फक्त त्याआधी समितीचं मत विचारणार. मत पटलं तर ठीक, नाही पटलं तरी ठीक. अथेन्समध्ये लोक तिला चिमुकली संसद म्हणत. थेसलीतल्या आमच्या गावात लोक काहीच म्हणत नसत, कारण कॉफीच्या दुकानात कोपऱ्यातल्या टेबलावर पोलिसांचा माणूस बसलेला असे.

पेलोपीदासचं नाव पशुवैद्यांच्या संघटनेने पाठवलं होतं. कुणाचं तरी नाव पाठवणं भाग होतं, आणि त्या दिवशीच्या बैठकीला तो एका अडलेल्या घोडीमुळे जाऊ शकला नव्हता.

इवान्थियावहिनीने त्याचा लग्नातला काळा सूट उसवून सैल केला. मी मात्र त्याच्याशी बोलणं टाकलं. माझा नवरा इओर्डानिस वकील. तंबाखूच्या वखारीतल्या बायकांचे खटले तो फी न घेता चालवायचा, तेवढ्यावर लष्कर आलं त्याच पहाटे त्याला घरातून उचलून एका बेटावर नेऊन ठेवलं होतं. तो आणि पेलोपीदास शाळेपासूनचे मित्र. आमचं लग्नही माझ्या भावानेच जुळवलेलं.

"तिथे जाऊन बसलास तर इओर्डानिस पुन्हा तुझं तोंड बघणार नाही," मी शेवटी त्याला म्हटलं.

"आणि नाही गेलो तर तो बेटाशिवाय काही बघणार नाही," तो म्हणाला. "आत कुणीतरी आपलं असू दे, झेनी."

समितीपुढे पहिलं विधेयक आलं ते शेळ्यांचं. जंगलं वाचवायची म्हणून डोंगरातल्या सगळ्या शेळ्या ऐन उन्हाळ्यात खाली मैदानात आणायच्या, असं त्यात होतं. बाकीचे सभासद, म्हणजे बरेचसे निवृत्त न्यायाधीश, व्यापारी आणि दोन-तीन प्राध्यापक, यांनी विधेयकाची दूरदृष्टी वाखाणली. पेलोपीदास उठला आणि म्हणाला की हे ज्याने लिहिलं त्याने शेळी फक्त ताटात पाहिली असावी. उन्हाळ्यात मैदानात आणलेली डोंगरी शेळी गोचीड-तापाने मरते. माझं मत विरोधात नोंदवा.

त्याच रात्रीच्या गाडीने तो घरी आला आणि वहिनीला म्हणाला, लोकरीची बनियनं बांधून ठेव, बेटावर वारा फार असतो. ती बिचारी रडत रडत बांधाबांध करत बसली.

पण कुणी आलं नाही. आला तो पेपर. पहिल्याच पानावर माझ्या भावाचा फोटो आणि वर मथळा की समितीत मोकळी चर्चा, सभासदाचा निर्भीड विरोध. परदेशी बातमीदारांनाही तेच दाखवण्यात आलं. बघा, आमच्याकडे लोक कसे मनातलं बोलतात. कायदा मात्र होता तसाच निघाला, त्यातला स्वल्पविरामसुद्धा हलला नाही. त्या उन्हाळ्यात शेळ्या मेल्या आणि पेलोपीदासनेच त्या पुरायला लावल्या.

पुढच्या बैठकीच्या आधी समितीच्या सचिवाने त्याला खोलीत बोलावलं. वासाकोस त्याचं नाव, लष्करातून निवृत्त झालेला, बोलायला अतिशय गोड. त्याने भावाला बदामाची मिठाई दिली आणि सांगितलं, गुरुवारी बंदरांचं विधेयक आहे, त्यातल्या नवव्या कलमाला तुम्ही विरोध करा. पेलोपीदास म्हणाला, मला बंदरातलं काही कळत नाही. वासाकोस म्हणाला, कळण्याचा प्रश्नच नाही, मुद्दे आम्ही लिहून देऊ.

"आणि नाही केला विरोध तर?"

"डॉक्टर, तुम्ही मला धमक्या द्यायला लावू नका, मला ते आवडत नाही," वासाकोस म्हणाला. "तुमच्या बहिणीचे यजमान कुठे आहेत ते मला माहीत आहे. तुम्ही मनापासून विरोध करत राहिलात, तर ते घरी येऊ शकतात."

हे सगळं पेलोपीदासने मला दवाखान्यात, एका मेंढीचा खूर कापता कापता सांगितलं आणि वर शपथ घातली की इओर्डानिसला यातलं अक्षरही कळता कामा नये. कळलं तर तो त्याच बोटीने परत जाईल. मी शपथ घेतली. नवरा हवा होता मला.

मग माझ्या भावाने बंदरांना विरोध केला. पोस्टाच्या दरांना केला, औषधांच्या दुकानांच्या वेळांना केला. कुठे आवाज चढवायचा, कुठे टेबलावर हात आपटायचा, तेही कागदावर लिहिलेलं असे. प्रत्येक वेळी पेपरात फोटो. गावातले लोक रस्त्यात त्याच्याकडे बघून हळूच टोपी उचलायला लागले. याचं त्याला सगळ्यात वाईट वाटे. बेटावर कैद्यांसाठी लावलेल्या भोंग्यावरही या बातम्या ऐकवत, हे मला नंतर कळलं.

इओर्डानिस खरंच सुटून आला. गालफडं बसलेली, दोन दात गेलेले. पेलोपीदास स्टेशनवर आला होता, हातात फुलं घेऊन, नवरदेवासारखा अवघडून उभा. इओर्डानिसने त्याच्याकडे पाहिलं, माझी पिशवी उचलली आणि तो सरळ चालू लागला. ईस्टरला सगळे एका टेबलावर बसलो, तर भाऊ आल्याबरोबर नवरा ताट घेऊन स्वयंपाकघरात गेला. मी दोघांच्या मध्ये, कोकराचं मांस वाढत, तोंड शिवून.

त्यानंतरच्या आठवड्यात समितीपुढे वर्तमानपत्रांचं विधेयक आलं. सरकारला न आवडणारं छापलं तर तुरुंग, असा त्याचा सारांश. वासाकोसने माझ्या भावाला कडक भाषण लिहून दिलं, कारण प्रेक्षकांच्या सज्जात परदेशी बातमीदार बसणार होते. पेलोपीदास उठला. म्हणाला, विधेयक उत्तम आहे. माझा पूर्ण पाठिंबा. उलट ते मवाळ आहे, वाचणाऱ्यालाही तुरुंगात घाला. अध्यक्ष कागद चाळायला लागले. त्यांनी विचारलं, सन्माननीय सभासदांचा काही घोटाळा तर होत नाही ना? पेलोपीदास म्हणाला, अजिबात नाही, मी इथल्या सगळ्यांशी सहमत आहे आणि यापुढे कायम सहमत राहीन. सज्जात हशा पिकला. मतदान झालं, आणि चिमुकल्या संसदेत त्या दिवशी विरोधी असं एकही मत उरलं नाही.

वासाकोस बाहेर त्याची वाट बघत होता. पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला होता. "तुम्ही सरकारविरुद्ध वागलात," तो म्हणाला. महिन्याच्या आत माझ्या भावाला समितीतून काढलं. कारण दिलं होतं, सहकार्याचा अभाव. पाठिंबा दिला म्हणून त्याच्या मेव्हण्याला पुन्हा बेटावर धाडणं पेपरात छापण्यासारखं नव्हतं, म्हणून इओर्डानिस घरीच राहिला.

बातमी वाचून इओर्डानिस म्हणाला, "मालकांनी हाकललं वाटतं." मग मात्र माझ्याच्याने राहवलं नाही. मी शपथ मोडली आणि सगळं सांगितलं.

त्याने पेपराची घडी घालून ठेवली. "मला विचारलं असतंत तर मी तिथेच राहिलो असतो."

"म्हणूनच विचारलं नाही," मी म्हटलं.

तो कोट घालून दवाखान्यात गेला. दोघांत काय बोलणं झालं ते मला आजपर्यंत कुणी सांगितलेलं नाही. संध्याकाळी दोघं बरोबर आले आणि माझ्याकडे न बघता जेवायला बसले.

लष्कराची राजवट पडली आणि मग तिला साथ देणाऱ्यांच्या चौकश्या सुरू झाल्या. पेलोपीदासची सरकारी नोकरी जायची वेळ आली. वकील अर्थातच इओर्डानिस. त्याने पेपरातली सगळी कात्रणं जमवली, बंदरांपासून पोस्टापर्यंत. हा माणूस तिथे एकटा विरोध करत होता, असं तो चौकशी मंडळापुढे छान रंगवून सांगत होता. तेवढ्यात पेलोपीदास उठला.

"ते विरोध त्यांचेच होते," तो म्हणाला. "माझे दोनच. एक शेळ्यांच्या वेळचा आणि दुसरा वर्तमानपत्रांच्या वेळचा."

मंडळाच्या तरुण अध्यक्षाने नोंद पाहिली. "वर्तमानपत्रांच्या कायद्याला तुम्ही पाठिंबा दिलाय."

"हो. तोच माझा विरोध."

इओर्डानिसने कपाळाला हात लावला. सज्जातल्या त्या हशाचं कुणालाच काही माहीत नव्हतं, आणि माझ्या भावाला समजावून सांगणं कधी जमलं नाही. नोकरी गेली. त्याच्या जागी सालोनिकाहून एक हुशार पोरगा आला, पण तो खेचरांना घाबरायचा, म्हणून लोक जनावरं आणत राहिले ती पेलोपीदासच्या अंगणातच.

निवडणुका लागल्या तेव्हा त्याच अंगणात एकाच दिवशी दोन पक्षांची माणसं आली. एकांना कर्नलांना विरोध करणारा उमेदवार हवा होता, दुसऱ्यांना कर्नलांना पाठिंबा देणारा. वहिनीने दोघांनाही तेच चेरीचं गोड दिलं. पेलोपीदास गाईच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून बसलेला. मान वर न करता तो त्यांना म्हणाला, वासरू आडवं आलंय, जरा पाय धरता का कुणी? दोन्ही पक्षांनी आपापल्या सुटांकडे पाहिलं.

शेवटी पाय इओर्डानिसने धरले. अजूनही जेवणाच्या टेबलावर तो विषय निघाला की तो म्हणतो, खटला आपण सहज जिंकलो असतो, याने तोंड उघडलं नसतं तर. आणि पेलोपीदास मला म्हणतो, तुझा नवरा वकील बरा आहे, झेनी, पण त्याला अशिलाचं ऐकायची सवय नाही.