गोळीची हजेरी

आमच्या घरी रोज सकाळी गोळीची हजेरी होते. मामंजी, म्हणजे माझे सासरे हवालदार मानसिंग, फौजेतून कधीचेच निवृत्त झाले, पण फौज काही त्यांच्यातून गेली नाही. हृदयात स्टेंट बसल्यापासून सासूबाई, आमच्या आत्याबाई, अंगणात उभ्या राहून "हजेरी!" अशी हाक देतात. मामंजी टाचा जुळवून उभे. रक्त पातळ ठेवायची गोळी आत्याबाई त्यांच्या तळहातावर ठेवतात आणि गिळून झाली की तोंड उघडायला लावतात. भावकीतलं लग्न असो नाहीतर म्हसवडची जत्रा, हजेरी झाल्याशिवाय आत्याबाई उंबरा ओलांडत नाहीत.

एवढं करूनही मामंजींच्या छातीत पुन्हा दुखलं आणि आम्ही कोरेगावाहून साताऱ्याचा दवाखाना गाठला.

तिथल्या डॉक्टर झोया सांगलीकडच्या, तरुण आणि तोंडानं फटकळ. त्यांनी खाटेजवळच एक छोटं मशीन आणवलं आणि मामंजींचं थोडं रक्त काढून त्यात घातलं. माझा चहा संपायच्या आत आकडा आला, हवा त्यापेक्षा बराच जास्त.

"गोळीचा काहीच परिणाम दिसत नाही," त्या म्हणाल्या. "रक्त अजून पटकन गोठतंय."

मामंजींनी मिशीवरून हात फिरवला आणि शेजारच्या खाटेवरच्याला म्हणाले, "फौजीचं रगात हाय गड्या, घट्टच आसनार!"

हसावं की कपाळ बडवून घ्यावं, मला कळेना. "आवं मामंजी, घट्ट म्हंजी वाईट! स्टेंट तुंबला तर जिवावर बेतंल."

मिशीवरचा हात खाली आला.

डॉक्टर आत्याबाईंकडे वळल्या. "काकू, खरं सांगा. घरी गेलं की गोळ्या सुटतात, रोज बघते मी. मधे किती दिवस दिली नाही?"

भरल्या वॉर्डात आत्याबाईंचा चेहरा एवढासा झाला. "माज्या हातानं दिलीया, बाई. एक दिस चुकली न्हाई."

मला असा संताप आला! पण मशीनशी काय भांडणार? "मग आता तुमच्या हातानं द्या," मी म्हणाले, "आणि परत तपासा."

डॉक्टरांनाही ते पटलं. गोळी त्यांनी स्वतः दिली, समोर गिळायला लावली. त्या दिवशी आत्याबाई अन्नाला शिवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी मशीननं जवळपास तोच आकडा दाखवला. डॉक्टर झोया त्याच्याकडे बघतच राहिल्या. काही माणसांच्या अंगात ही गोळी कामच करत नाही, असं त्यांनी आम्हाला सांगितलं आणि लगेच दुसरी सुरू केली. पुढच्या तपासणीत आकडा खाली आला, तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

मग डॉक्टरांनी आत्याबाईंचे दोन्ही हात धरले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "काकू, माझं चुकलं. तुम्ही चोख दिलीत म्हणून तर दोष गोळीचा आहे हे कळलं. ही नवी मात्र सकाळ-संध्याकाळ द्यायची."

"मग दोनदा हजेरी," आत्याबाई म्हणाल्या.

संध्याकाळी मामंजी खाटेवरून हळूच उतरले. उभ्या संसारात त्यांनी बायकोला कौतुकाचा शब्द दिला नव्हता. अख्ख्या वॉर्डासमोर टाचा जुळवल्या, तळहात पुढे केला.

"हवालदार मानसिंग हजर हाय, सायेब!"

आत्याबाईंचे डोळे वाहत होते, पण त्यांनी ते पुसले नाहीत. गोळी ठेवली, गिळून होईपर्यंत थांबल्या.

"त्वांड उघडा," त्या म्हणाल्या.