गुरुवारची घागर

गुरुवार आला की पंचफुला कोंबड्याच्या आधी उठायची. चिंच आणि राख घेऊन माहेरची पितळी घागर घासायला बसायची, ती तिच्यात तोंड दिसेपर्यंत. लग्नात आणली तेव्हासुद्धा एवढी चमकत नव्हती, असं नवरा रामकिशन अंथरुणातून म्हणायचा आणि ती हसून सोडून द्यायची. गुरुवार तिचा वार होता. वस्तीतल्या अकरा लेकरांना त्या दिवशी पाणी तिच्या घरचं आणि खिचडी तिच्या चुलीवरची. एवढा मान तिच्या सात पिढ्यांत कुणाला मिळाला नव्हता, असं तिला वाटे.

लातूर जिल्हा होऊन तेव्हा चारच वर्षं झाली होती. नव्या जिल्ह्याच्या नव्या कचेऱ्या, आणि त्या कचेऱ्यांत चिकटलेल्या माणसांची डाळमिलच्या मागं उठलेली नवी वस्ती. रामकिशन बिलोलीकडचा, कलेक्टर कचेरीत कारकून. वस्तीला नळ होता, नळाला पाणी नव्हतं. सलग दुसऱ्या साली पावसानं तोंड फिरवलेलं, आणि टँकर यायचा तो चार दिवसांनी एकदा, ड्रायव्हरच्या मर्जीनं. गुरुवारच्या एका घागरीसाठी पंचफुला आदल्या टँकरला तीन-तीन तास रांगेत उभी राही आणि घरात धुण्याभांड्याला हात आखडता घेई.

बालवाडी निघाली ती तिच्या आणि उमाबाईच्या डोक्यातून. उमाबाई भिंतीला भिंत लागून राहायची. तिचा नवरा चंद्रप्पा डाळमिलमध्ये मुकादम. लेकरं दिवसभर मिलच्या ट्रकांपुढं खेळायची, एकदा उमाबाईचा लेक बसू चाकाखाली येता येता वाचला, आणि त्याच दिवशी दोघींनी ठरवलं, की सरकारची वाट बघत बसायचं नाही. चंद्रप्पानं मिलची रिकामी पत्र्याची शेड मागून घेतली. पंचफुलानं ती चार दिवस झाडली, सारवली. सहा घरं तयार झाली, अकरा लेकरं झाली. शिकवायला नीलाबाई म्हणून सातवी शिकलेली एक विधवा मिळाली. आठवड्याचे सहा वार सहा आयांनी वाटून घेतले. जिचा वार, तिनं सकाळी आठला पाणी आणि खाणं ठेवून निघून जायचं, कारण आई दिसली की लेकरू रडतं. अकराला येऊन भांडी न्यायची.

नावं घालायच्या दिवशी वही पंचफुलाच्या हातात दिली, कारण अक्षर तिचं चांगलं होतं. पहिलं नाव तिनं आपल्या साडेतीन वर्षांच्या लेकीचं लिहिलं, विशाखा. मग नियम लिहिला: ज्या घरचं मूल, त्या घरचा वार. वार चुकला तर मुलाचं नाव खोडलं जाईल. तेव्हा धोंडाबाईनं नाक मुरडलं होतं. धोंडाबाई म्हणजे गावाकडं तीस एकर जमीन आणि दारात म्हैस असलेली वस्तीतली मोठी बाई. पंचफुलाच्या घरात बाबासाहेबांचा फोटो आहे, हे तिनं पहिल्याच आठवड्यात बघून ठेवलं होतं. तिनं विचारलं, ह्यांचाही वार ठेवायचा का?

उमाबाई सगळ्यांदेखत बोलली होती. "आमच्या बसवण्णानं जात धुऊन काढली, धोंडाबाई. माझ्या लेकाला नाव त्याचंच हाय. लेकरांच्या शाळेत ती घाण आपण परत आणायची का?"

पंचफुलाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्या दिवसापासून उमाबाई तिची अक्का झाली. एक खरं, की चहाला बोलावलं की अक्काचा हमखास उपास निघे. सोमवार, चतुर्थी, एकादशी, नाहीतर नुसतंच पित्त. एवढे उपास करणारी बाई पंचफुलानं पाहिली नव्हती. पण माया आंधळी असते. दर गुरुवारी अकराला घागर विसळून पालथी घातलेली मिळायची. या टंचाईत दुसऱ्याचं भांडं कोण विसळतं? अक्काचीच माया, असं ती रामकिशनला सांगायची. सहा महिने असे गेले.

मग एका बुधवारी दुपारी विशाखा अंगणात बालवाडी बालवाडी खेळत बसली. चिंध्यांच्या चार बाहुल्या तिनं ओळीनं मांडल्या आणि पाचवी भिंतीकडं सरकवून ठेवली. चौघींच्या तोंडाला वाटी लावली. पाचवीला हात पुढं करायला लावून वरून पाणी ओतलं. पंचफुला निवडत असलेल्या तांदळात हात तसाच ठेवून बघत राहिली. पोरीनं मग तांब्या उचलला, सगळं पाणी तुळशीत ओतलं आणि बाहुल्यांना बजावलं, आज गुरुवार, आजचं पाणी झाडाचं.

"आन् खिचडी गं?" पंचफुलानं विचारलं.

"म्हशीची," विशाखा म्हणाली. "तुझ्या वाराला म्हैस खाती."

बाई लिंबाला पाणी घालतात, हे पोरीनं आधीही दोनदा सांगितलं होतं. तेव्हा पंचफुलाला कौतुक वाटलं होतं, की नीलाबाई लेकरांना झाडं जपायला शिकवतात.

दुसऱ्या दिवशी तिनं नेहमीसारखी घागर ठेवली, खिचडीचं पातेलं ठेवलं आणि निघाली. मिलच्या कोपऱ्यावरून ती परत फिरली. शेडच्या मागं कडुलिंबाचं झाड. साऱ्या वस्तीत पानं गळालेली आणि हा एक लिंब पोपटी हिरवा. त्याच्या बुडाशी तिची घागर आडवी करून उमाबाई उभी होती. शेवटचा तांब्याभर राखून तिनं घागर विसळली, आणि उरलेल्या पाण्यानं आपले हात धुतले, नीट, कोपरापर्यंत. दारात नीलाबाई दुसरी कळशी घेऊन उभी होती. पाच घरांनी, स्वतःच्या पोटाला चिमटा घेऊन, एकेक तांब्या घालून ती भरली होती. घोटभर पाण्याला महाग झालेल्या माणसांची ही श्रीमंती. पाणी नसलं तरी चालेल, पण तिचं नको.

पंचफुला पुढं गेली. उमाबाईच्या हातातून घागर पडली.

"अक्का, मला सांगायचं होतंस," पंचफुला म्हणाली. "मी आणलं नसतं. तीन तास उभी राहते मी."

उमाबाई रडायला लागली. धोंडाबाईनं पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, की पंचफुलाचा वार असेल तर आमची लेकरं येणार नाहीत. बालवाडी मोडली असती. मग तिनंच हा तोडगा काढला. "तुझं मन मोडू नये म्हणून केलं गं. तुझ्या लेकीला बसू दिलं न्हवं? कुणी हाकललं का तिला?"

"धोंडाबाईनं केलं असतं तर मला काय वाटलं नसतं," पंचफुला म्हणाली. "तिनं कधी मला बहीण म्हटलं न्हाई."

केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. शत्रू उघड सुरी घेऊन येतो, त्याला दार लावून घेता येतं. इथं तर सुरीला मायेचं नाव होतं, आणि सहा महिने कापलेल्या गळ्यानंच ती त्या मायेचे गोडवे गात हिंडली होती. घरी येऊन ती उंबऱ्यात बसली आणि हमसाहमशी रडली.

रामकिशनच्या डोक्यात तिडीक गेली. उद्याच्या उद्या अर्ज देतो, कायदा आहे, एकेकाला उभं करतो, असं तो म्हणाला. "अर्ज बी द्या," पंचफुला म्हणाली, "पण अर्जानं कुणी घोट पीत न्हाई. आन् पोरगी घरी बसवायची न्हाई. शेड मी सारवलीय. तिथनं तिला काढायचं तर त्यांनी काढावं, माझ्या हातानं न्हाई." विशाखाची जागा राहावी, पण भिंतीकडं सरकवलेली नको, एवढंच तिला हवं होतं.

शनिवारी दुपारी शेडमध्ये पालकांची बैठक असे. पंचफुलानं वही उघडली आणि पहिल्या पानावरचा नियम वाचला. "वार चुकला तर नाव खोडायचं. सा महिने माझा वार झालाच न्हाई. झाडाचा झाला, म्हशीचा झाला. तवा नियमानं विशाखाचं नाव खोडा. पण तोंडावर खोडा." तिनं पेन वहीवर ठेवला आणि वही मधोमध सरकवली.

पेनाला कुणी हात लावेना. धोंडाबाई म्हणाली, की आम्ही कुठं काढा म्हटलो, लेकरू बसतंय की. चंद्रप्पा पत्र्याकडं बघत होता. उमाबाईनं मान वर केली नाही.

"खोडत न्हाई ना? मग येत्या गुरुवारी मी घागरीजवळ बसणार हाय," पंचफुला म्हणाली. "हजेरी बी मीच लिहिणार, रोज."

गुरुवारी ती बसली. आठ वाजले, नऊ वाजले. अकरातलं एकच मूल बसलं होतं, तिची विशाखा. नीलाबाई कोपऱ्यात पाटी पुसत राहिली. साडेनऊला पार्वतीबाई आपली जुळी घेऊन आली. एक तांब्या दर गुरुवारी तिच्याही घरचा जायचा. तिनं ओगराळं घागरीत बुडवलं, आधी स्वतः प्यायली, मग पोरांना दिलं. तिघं लेकरं एका ओळीत बसून खिचडी जेवली. भिंतीकडं कुणीच नव्हतं. अकराला घागर अर्धी भरलेली होती. पंचफुलानं ती लिंबाला घातली नाही. तिच्यावर झाकण ठेवलं आणि तिथंच राहू दिली.

शुक्रवार उमाबाईचा. टँकर सोमवारपासून आला नव्हता आणि पाच घरांत आता तांब्याभर द्यायलाही कुणाकडं उरलं नव्हतं. आज लेकरं अकराच्या अकरा आली, कारण आज वार चांगल्या घरचा होता. उमाबाईच्या कळशीत बुडालाच पाणी, म्हणून तीही शेडमध्येच थांबली होती. पत्रा तापला तसं ते दहाच्या आत संपलं. लेकरं पाणी पाणी करायला लागली. जुळी उठली, विशाखा उठली, घागरीशी जाऊन प्यायली आणि परत जागेवर बसली.

बसू आईचा पदर ओढत होता. "आई, ते बघ की, पाणी हाय."

उमाबाईनं घागरीकडं पाहिलं. मग पंचफुलाकडं पाहिलं. त्या एका क्षणात ती अजूनही अक्का होऊ शकत होती. ओगराळं हाताच्या अंतरावर होतं. पंचफुलानं झाकण काढून बाजूला ठेवलं, तेवढंच.

"घरी जाऊन पिऊ," उमाबाई म्हणाली, आणि लेकाचा दंड धरला. घरी रिकामे हंडे होते, हे तिला माहीत होतं आणि बसूलाही. तो मान मागं वळवून घागरीकडं बघत बघत ओढला गेला. नीलाबाईनं बालवाडी सोडून दिली.

बसवण्णाचं नाव लेकाला ठेवणं सोपं असतं. आपणही आपल्या भिंतींवर पुष्कळ थोरांचे फोटो लावले आहेत. त्या भिंतींच्या आत कुणाची घागर चालते, हे ज्यानं त्यानं घरातल्या लहान मुलाला विचारावं, त्याला खरं सांगता येतं.

शेडमध्ये पंचफुला राहिली आणि विशाखा. तिनं वही मांडीवर घेतली, नियमाच्या वेळी काढलं होतं तसंच टपोरं अक्षर काढलं, आणि तारखेपुढं लिहिलं:

शुक्रवार. हजर अकरा. पाणी होते. तीन मुले प्यायली. आठ मुले तहानलेली घरी गेली.

खाली सही केली, आणि पुढच्या ओळीवर येत्या गुरुवारची तारीख आताच टाकून ठेवली.